गोल्फचा सेटअप परत परत बिघडतो तेव्हा: बॉलसमोर उभं राहण्यातली चूक कशी शोधायची

लक्षण ओळखीचं आहे. एका आठवड्यात सात नंबरचं आयर्न (बॉल मारायचा, चपट्या धातूच्या डोक्याचा क्लब) सुरेख बसतं. पुढच्या आठवड्यात त्याच आयर्नने दोन बॉल उजवीकडे वळतात, एक सरळ डावीकडे जातो आणि चौथ्याला क्लब बॉलच्या आधी जमिनीत शिरतो. मग मनगट बदलून बघितलं जातं, बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) लहान केला जातो. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. असं फिरून येणारं दुखणं बहुतेक वेळा स्विंगमध्ये नसतं, क्लब हलायच्या आधीच ते झालेलं असतं. परत परत येतं ते एवढ्यासाठी, की सेटअप मोजला जात नाही, 'बरं वाटतंय ना' यावर सोडला जातो.

वाटण्यावर इथे अजिबात विसंबता येत नाही. पाच अंश उजवीकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला दोन-तीन बादल्या बॉल मारल्यावर तीच दिशा सरळ वाटायला लागते, आणि कुणी खरंच सरळ उभं केलं की आपण फार डावीकडे बघतोय असं वाटतं. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीला काठी, बॉल किंवा सेंटीमीटर असं काहीतरी माप दिलं आहे. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या घ्याव्यात.

आधी ठरवा: दोष सेटअपचा की स्विंगचा

चार फुटी दोन काठ्या लागतात. गोल्फच्या दुकानातल्या फायबरच्या काठ्या चांगल्या, पण इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी पाइप कापून आणला तरी काम तेच होतं. पहिली काठी बॉलच्या मागे उभं राहून, लांबच्या एका नेमक्या खुणेकडे रोखून, बॉलच्या पलीकडे साधारण एक वीतभर अंतरावर ठेवा. दुसरी तिला समांतर, पावलांच्या बोटांपुढे. रेल्वेचे दोन रूळ असावेत तशी. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटच्या कडेवरून काठी लावू नका. मॅट ज्या दिशेला टाकलेली असते ती तुमच्या झेंड्याची, म्हणजे लक्ष्याची, दिशा असेलच असं नाही, आणि तिरक्या झेंड्याकडे मारताना पाय नकळत मॅटच्या कडेला समांतर होतात. रेंजवर दिशा बिघडायला सुरुवात होते ती बहुधा इथूनच.

आता दहा बॉल मारा आणि प्रत्येकाच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: बॉल निघाला कुठे आणि वळला कुठे. निघण्याची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग) कुठे बघत होता त्यावर ठरते. वळणं ठरतं फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर. काठ्या ठेवल्यावर शॉटचा नमुना बदलला, तर चूक उभं राहण्यात होती. दहाही बॉल पूर्वीसारखेच गेले, तर प्रशिक्षकाकडे जाऊन स्विंग बघून घ्या, पुढचं सगळं बदलत बसू नका.

दिशा: पाय बरोबर, खांदे चुकीचे

पाच अंशांची चूक १५० यार्डांवर सुमारे १३ यार्ड होते. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) मध्यावर लावलेला शॉट कडेच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जायला तेवढं पुरतं. उलट, पावलांची रेघ झेंड्याच्या बरोबर रोखावी की जराशी डावीकडे, यावर लोक फार डोकं लावतात. तो फरक एक मीटरच्याही आतला आहे, त्याची काळजी नको. कोन चुकू देऊ नका.

पावलं बहुतेक जण बघतात. खांदे कुणी बघत नाही, आणि क्लबचा मार्ग पावलांपेक्षा खांद्यांच्या रेघेमागे जास्त जातो. खांदे डावीकडे का उघडतात हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ग्रिपवर (क्लबच्या मुठीवर) उजवा हात डाव्याच्या खाली असतो, म्हणजे त्याला जास्त लांब पोहोचायचं असतं. पोहोचायचे मार्ग दोन: उजवा खांदा खाली झुकवणं किंवा तो पुढे, बॉलकडे आणणं. पहिला बरोबर, दुसरा चूक. दुसऱ्यात पाय रुळावर असूनही खांदे पाच-सहा अंश डावीकडे बघतात, क्लब बाहेरून आत येतो, आणि फेस थोडा उघडा राहिला की स्लाइस (उजवीकडे वळणारा बॉल), मिटला की पुल (सरळ डावीकडे जाणारा). एकाच माणसाचे काही बॉल उजवीकडे आणि काही डावीकडे जातात ते याच एका चुकीमुळे, दोन वेगळे रोग नसतात.

तपासायचं असं. सेटअप घ्या आणि मित्राला एक काठी तुमच्या दोन्ही खांद्यांवरून आडवी धरायला सांगा. एकटे असाल तर फोन तुमच्या मागे तीन मीटरवर, हातांच्या उंचीला, पावलांची रेघ आणि बॉलची रेघ यांच्या मधोमध ठेवा. फोन उंच किंवा बाजूला सरकलेला असेल तर चित्र खोटं बोलतं आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता. त्या चित्रात डावा हात उजव्याच्या किंचित वरून दिसला पाहिजे. उजवा वर आणि डावा पूर्ण झाकलेला असेल तर खांदे उघडलेत. उपाय: सेटअप घेतल्यावर उजवा हात सोडा, उजव्या मांडीवरून गुडघ्याकडे चार बोटं खाली सरकवा आणि तिथूनच ग्रिपवर परत आणा. खांदा आपोआप खाली येतो, पुढे येत नाही. उजवं कोपर ताठ ठेवू नका.

उलटी चूकही सर्रास दिसते. मान वळवून झेंडा बघताना डावा खांदा झेंड्यावर रोखलेला हवा, अशी समजूत असते. तसं केलं की सगळं शरीर उजवीकडे बघतं, पहिले काही बॉल उजवीकडे सरळ जातात आणि मग हात ते डावीकडे ओढायला शिकतात. तिसऱ्या आठवड्यात त्या ओढण्यालाच आपण 'माझा स्विंग' म्हणायला लागतो. झेंडा डाव्या खांद्याच्या पुढून, मोकळा दिसला पाहिजे.

स्लाइस जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बॉल उजवीकडे वळतो म्हणून आणखी डावीकडे तोंड करून उभं राहू नका. त्याने क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस आणि मार्ग यांच्यातला कोन वाढतो आणि स्लाइस मोठा होतो.

बॉल कुठे: दोन पद्धतींची सरमिसळ

वेजसाठी (जवळच्या शॉटचा आखूड क्लब) बॉल स्टान्सच्या (दोन पावलांमधल्या जागेच्या) मध्यावर, म्हणजे शर्टाच्या बटणांच्या रेषेत. सात नंबरसाठी मध्यापासून एक बॉल डावीकडे, पाच नंबर किंवा हायब्रिडसाठी दोन, फेअरवे वुडसाठी अडीच-तीन, आणि सगळ्यात लांब क्लब असलेल्या ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर. बॉलचा व्यास ४.२७ सेंटीमीटर आहे, त्यामुळे 'एक बॉल' हे माप कायम जवळ असतं.

अमेरिकेचा दिग्गज गोल्फर जॅक निक्लॉस नेहमीच्या जवळजवळ सगळ्या शॉट्ससाठी बॉल डाव्या टाचेपासून एकाच जागी ठेवायचा आणि फक्त उजवा पाय जवळ-लांब करायचा. वरवर पाहता ही पद्धत वरच्या मापांच्या विरुद्ध वाटते, पण हिशेब करून बघा. डावी टाच जागेवर ठेवून उजवा पाय २० सेंटीमीटर लांब नेला की स्टान्सचा मध्य १० सेंटीमीटर उजवीकडे सरकतो, म्हणजे बॉल मध्यापासून दोनहून जास्त बॉल पुढे गेल्यासारखाच झाला. दोन्ही वाटा चालतात. फिरून येणारा त्रास होतो तो मिसळीतून: रेंजवर एक पद्धत, कोर्सवर दुसरी, आणि ड्रायव्हरला बॉल टाचेसमोर ठेवून झाल्यावर डावा पाय पुन्हा 'सोयीसाठी' सरकवायचा. एक निवडा आणि किमान दोन महिने तीच ठेवा.

डोळ्यांनी बॉलची जागा ठरवताना दोन फसवणुका होतात. पहिली पावलाच्या तिरकेपणाची. डाव्या पावलाचा पुढचा भाग बाहेर वळवला (थोडा वळवावाच, कंबर फिरायला सोपं जातं) की बोटं टाचेच्या बरीच डावीकडे दिसतात. बोटांवरून मापलं तर बॉल मागे वाटतो आणि आपण तो पुढे ढकलतो. म्हणून माप नेहमी टाचेवरून घ्या.

दुसरी फसवणूक जास्त त्रासदायक आहे, कारण ती दिशेच्या चुकीतून जन्मते. शरीर पाच अंश डावीकडे वळलेलं असेल आणि तुम्ही पावलांवरून बॉल 'बरोबर' जागी ठेवला, तर लक्ष्यरेषेच्या हिशेबात तो पुढे गेलेला असतो. ड्रायव्हरला बोटांपासून बॉल साधारण ७५ सेंटीमीटर लांब असतो. तेवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे साडेसहा सेंटीमीटर, दीड बॉल! वर, पुढे गेलेल्या बॉलपर्यंत पोहोचायला उजवा खांदा आणखी पुढे येतो आणि शरीर आणखी डावीकडे वळतं. बॉल मागे गेला तर हेच उलट्या दिशेने घडतं. एक चूक दुसरीला खायला घालते, म्हणून दोन्ही एकत्रच दुरुस्त कराव्या लागतात.

त्यासाठी काठ्यांची मांडणी थोडी बदला. पावलांपुढची काठी तशीच ठेवा. दुसरी उचलून तिच्याशी काटकोनात, बॉलपासून दोन पावलांच्या मधून मागे येईल अशी ठेवा, इंग्रजी टी अक्षरासारखी. आता टाच काठीपासून किती दूर आहे ते सरळ दिसतं.

वाकणं: कमरेतून नव्हे, खुब्यातून

मराठीत 'कमरेत वाका' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. कमरेत वाकलं की पाठीचा खालचा मणका गोल होतो, हनुवटी छातीला टेकते, खांद्यांना फिरायला जागा राहत नाही आणि मग शरीर वर उचलून जागा करावी लागते. बॉल टॉप होणं (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागणं), थिन जाणं (क्लबची धार बॉलच्या मध्याला लागणं) हे त्या उचलण्यातून येतं. वाकायचा सांधा खुब्याचा आहे. तो बेल्टच्या बराच खाली, जांघेच्या घडीपाशी असतो. क्लब दोन्ही हातांनी त्या घडीत आडवा धरा, त्याने बसकण मागे ढकला, छाती पुढे येऊ द्या, आणि मग गुडघ्यांचं कुलूप फक्त उघडा. गुडघ्याची वाटी बुटाच्या नाडीच्या वर आली की पुरे.

पाठीवर काठी धरून खात्री करता येते: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही काठीला लागलेले राहून वाकता आलं पाहिजे. माकडहाड सुटलं तर तुम्ही कमरेत वाकताय. पाठ मुद्दाम आत खोल करणंही टाळा. त्याने खालची पाठ दुखते, आणि तास-दीड तास रेंजवर उभं राहिल्यावर ते कळतं.

आपल्याकडे बरेच जण क्रिकेटमधून गोल्फकडे येतात आणि फलंदाजीची ठेवण सोबत आणतात: गुडघे खूप वाकलेले, वजन चवड्यांवर, डोकं चेंडूवर. धावत्या चेंडूकडे पाय टाकायचा असतो तेव्हा ते योग्य आहे. इथे बॉल जागेवर पडून आहे आणि पाय हलणार नाहीत, त्यामुळे वजन पावलाच्या मध्यावर, नाडीच्या खाली हवं. सेटअपमध्ये दोन्ही टाचा किंचित उचलून बघा, मग दोन्ही पायांची बोटं. दोन्ही सहज जमलं तर वजन ठीक आहे.

बॉलपासून अंतर

हे सगळ्यात पटकन सरकतं. चाळीसेक बॉल झाल्यावर थकव्याने माणूस पुढे झुकतो आणि अंतर बदलतं. क्लबफेसवर आघात कुठे होतोय ते बघायला बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने ठळक ठिपका काढा आणि तो क्लबकडे करून ठेवा. मारल्यावर ठिपका फेसवर उमटतो, ओल्या फडक्याने पुसला जातो.

ठिपका टोकाकडे येत असेल तर बहुधा तुम्ही लांब आहात किंवा उभे होत होत वर येताय. ठिपका हीलकडे, होझलजवळ (दांडा क्लबच्या डोक्यात बसतो तिथे) येत असेल, शॅंक (होझलला लागून भलतीकडे उडणारा बॉल) जात असेल, तर पहिली प्रतिक्रिया मागे सरकण्याची असते. तिथे थांबा. बऱ्याचदा वजन चवड्यांवर असतं, खाली येताना शरीर बॉलकडे पडतं आणि क्लब बाहेर ढकलला जातो. मागे सरकलात तर पोहोचायला आणखी पुढे झुकावं लागतं आणि शॅंक वाढतात. आधी वजन मध्यावर आणा, पाच बॉल मारा, मगच अंतराला हात लावा.

योग्य अंतर शोधायला: सेटअप घ्या, उजवा हात ग्रिपवरून सोडून सैल लोंबू द्या. तो डाव्या हाताच्या शेजारीच लोंबला तर अंतर बरोबर. शरीराकडे आत लोंबला तर तुम्ही हात पुढे ताणताय, म्हणजे लांब आहात. बॉलकडे बाहेर लोंबला तर जवळ आहात. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात सात नंबरला एक मूठ ते चार बोटं आडवी मावावीत, ड्रायव्हरला साधारण वीतभर.

आयर्नचं टोक सेटअपमध्ये जमिनीपासून किंचित उचललेलं दिसेल, एक-दोन नाणी खाली सरकतील एवढं. ते दाबून सपाट करायला हात उचलू नका. स्विंगच्या वेगात दांडा खाली वाकतो आणि सोल (क्लबचा तळ) सपाट येतं.

ग्रिप आणि फेस

ग्रिपवर लिहायचं तर वेगळी जागा लागेल. सेटअपपुरती एक तपासणी मात्र दर वेळी करा. ग्रिप घेऊन क्लब पोटासमोर आडवा, जमिनीला समांतर उचला. फेसची खालची धार उभी, घड्याळात बारा वाजल्यासारखी दिसली पाहिजे. एक वाजल्यासारखी असेल तर तुम्ही उघडा फेस पकडलाय आणि पुढे कितीही नीट उभे राहिलात तरी बॉल उजवीकडेच निघेल. ही चूक होते कारण लोक क्लब जमिनीवर टेकवून, थोडा कलंडलेला असताना ग्रिप घेतात आणि नंतर फेस मनगटाने 'सरळ' करतात. आधी फेस, मग ग्रिप. डाव्या हाताची दोन ते तीन पेरं वरून दिसावीत. ग्लोव्ह तळव्याच्या टाचेपाशी फाटत असेल तर क्लब बोटांऐवजी तळव्यात बसतोय किंवा स्विंगमध्ये सरकतोय.

ड्रायव्हर

टी (बॉल ठेवायची खुंटी) एवढी उंच की अर्धा बॉल क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. टाचांच्या आतल्या कडा खांद्यांच्या रुंदीला. उजवा खांदा आयर्नपेक्षा जास्त खाली, डोकं बॉलच्या मागे. बॉल आभाळात जात असेल तर लोक टी खाली करतात. त्याआधी खांदे बघा, ते सपाट असतात आणि क्लब वरून आदळत असतो.

कोर्सवर

रेंजवर जमलेलं कोर्सवर मोडतं, कारण तिथे मॅट नाही, काठी नाही आणि टीबॉक्स (होलचा पहिला फटका मारायची जागा) नेहमी फेअरवेकडे (होलकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्याकडे) तोंड करून असतोच असं नाही. टीच्या दोन खुणा जिकडे बघतात तिकडे शरीर ओढलं जातं. काठी किंवा क्लब जमिनीवर ठेवून त्यावरून स्टान्स घेणं फेरीत चालत नाही. नियम १०.२बी प्रमाणे त्याला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोक दंड आहे, आणि एकदा स्टान्स घेतल्यावर मागे हटून क्लब उचलला तरी दंड टळत नाही. २०१९ पासून कॅडीलाही (बॅग उचलणाऱ्या मदतनिसालाही) तुम्ही स्टान्स घेऊ लागल्यावर बॉलच्या मागे रेषेत उभं राहता येत नाही. बॉलवर रेघ आखलेली चालते.

म्हणून क्रम पाठ करा. बॉलच्या मागे उभं राहून लक्ष्यरेषेवर बॉलच्या पुढे अर्धा-एक मीटरवर एखादी खूण निवडा: सुकलेलं पान, जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण), रंग बदललेलं गवत. निक्लॉसही बॉलपुढे काही फुटांवरची अशीच खूण धरायचा, कारण दीडशे यार्डांपेक्षा एक मीटरवर फेस रोखणं कितीतरी सोपं. मग बाजूने या, आधी फेस त्या खुणेवर लावा. दोन्ही पावलं जुळवून उभे राहा, बॉल मधोमध. सात नंबरला डावा पाय छोटं, पाच-सहा सेंटीमीटरचं पाऊल, उजवा त्याहून बराच मोठं. ड्रायव्हरला जुळलेली पावलं अशी ठेवा की बॉल डाव्या टाचेसमोर येईल, मग फक्त उजवा पाय हलवा. पाय लावल्यावर झेंड्याकडे बघून फेस पुन्हा 'सुधारू' नका. शंका आली तर मागे जाऊन पहिल्यापासून या. उभं राहून दहा सेकंद गोठलात तर हात आवळले जातात, क्लब हलका हलवत राहा.

सिडकोच्या खारघर व्हॅलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर सपाट जागा नेहमी मिळत नाही. चढ-उतारावर खांदे उताराला समांतर करा. बॉल पावलांपेक्षा वर असेल तर ग्रिप खाली धरून जास्त उभे राहा आणि थोडं उजवीकडे रोखा, तो डावीकडे जातो. खाली असेल तर गुडघे व खुबे जास्त वाकवा आणि डावीकडे रोखा.

पुन्हा सरकू नये म्हणून

मॅटवर सोल घसरून बॉलखाली जातं, त्यामुळे फॅट शॉटही (क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागलेला) बरा उडतो आणि बॉल पुढे सरकलाय हे आठवडाभर कळत नाही. पावसाळ्यात मऊ जमिनीवर पहिल्याच होलवर ते उघडं पडतं. जमेल तेव्हा गवतावर मारा आणि डिव्हट बघा: आयर्नचा डिव्हट बॉलच्या जागेपासून पुढे सुरू व्हायला हवा.

दर खेपेला पहिले दहा बॉल काठ्यांसोबत, मधे चाळिसाव्या बॉलला पुन्हा पाच. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि शॉट चांगले बसत असतानाच वेज, सात नंबर आणि ड्रायव्हरसाठी बोटांपासून बॉलपर्यंतचं अंतर त्याच पीव्हीसी पाइपवर मार्करने खूण करून ठेवा. मध्यम उंचीच्या माणसाला ते साधारण ५०, ५८ आणि ७५ सेंटीमीटर येतं, पण दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. उंची, हातांची लांबी आणि क्लबची लांबी सगळं त्यात मिसळलेलं असतं. शॉट बिघडले की स्विंगला हात लावण्याआधी पाइप जमिनीवर ठेवून खुणा जुळतात का बघा. नवे शूज किंवा नवे क्लब आले की खुणा पुसून नव्याने घ्या.